मुलांना झाडाखाली नेऊन कविता लिहायला सांगितली, सगळ्यांनी घोषणा लिहिल्या. कुठे चुकलं?

तिसरीच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी तिसरीला शिकवते, वर्गाचा पट ३४. गेल्या आठवड्यात भाषेचा तास मैदानाच्या कडेला झाडांखाली घेतला. मुलं एकदम खुशीत होती. मी म्हटलं, "आजूबाजूचा निसर्ग बघा आणि त्यावर कविता लिहा." वीस मिनिटं दिली. वह्या घरी आणल्या, वाचायला बसले आणि मन खट्टू झालं.

२९ वह्यांमध्ये 'झाडे लावा, झाडे जगवा'. तिघांनी 'फुले किती छान, पक्षी गाती गान' असं काहीतरी जुळवलेलं. दोघांची पानं कोरी. त्या दिवशी तिथे जे होतं ते एकानेही लिहिलं नव्हतं. आणि होतं हो खूप काही! मुंग्यांची रांग होती. एक वाळकं पान कोळ्याच्या धाग्याला अडकून हवेत गरगर फिरत होतं, आधार दिसतच नव्हता. ते पान मला मुलांनीच ओरडून दाखवलं. सगळी त्याच्याभोवती गोळा झाली, एकाने खालून फुंकर मारून बघितली. पण पेन्सिल हातात घेतल्यावर ते पान कुणालाच आठवलं नाही.

कोरं पान देणाऱ्यांपैकी एक मुलगी एरवीही लिहीत नाही. अक्षरं जुळवताना तिची दमछाक होते. तोंडी मात्र भरभरून बोलते.

मला विचारायचंय की बाहेर नेण्याआधी मुलांना काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही? यमकाचा आग्रह धरायचा का? आणि या मुलीसारख्यांचं काय करायचं? कविता कुठल्या स्पर्धेला पाठवायच्या नाहीत. जे बघितलं ते त्यांच्या शब्दांत कागदावर यावं, एवढीच इच्छा आहे.


पाटीपेन्सिल

बाई, ते गरगर फिरणारं पान तुमच्या लक्षात राहिलंय, आता फक्त मुलांना तिथे परत न्यायचंय.

मी २७ वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं, आता निवृत्त आहे. बाहेरचा कवितेचा तास हा माझा सगळ्यात लाडका तास. पहिली काही वर्षं मीही अगदी तुमच्यासारखंच 'निसर्गावर लिहा' म्हणायचे आणि अशाच वह्या घरी घेऊन यायचे. मग हळूहळू कळलं की घोटाळा त्या शब्दातच आहे. आठ वर्षांचं पोर घरी जाऊन "आई, आज मी निसर्ग बघितला" असं कधी म्हणतं का? ते म्हणतं, "आई, मुंगीने मेलेली माशी ओढत नेली." निसर्ग हा शब्द भाषणातला, निबंधातला, भिंतीवर रंगवलेल्या सुविचारातला. तो कानावर पडला की मुलाला ती भिंत दिसते आणि तिच्यावरचंच तो उतरवून काढतो. तुमच्या मुलांनी काही चूक केली नाही. बाईंना काय हवंय ते ओळखून त्यांनी निमूटपणे दिलं. म्हणून तो शब्द त्या तासाला तोंडातून काढायचाच नाही. 'कविता' हा शब्दसुद्धा अगदी शेवटी.

मी दर दोघांना एक मीटर सुतळी द्यायचे, टोकं बांधलेली. जमिनीवर गोल ठेवली की जवळजवळ ३२ सेंटिमीटर व्यासाचं रिंगण होतं, मोठ्या ताटाएवढं. सांगायचं, "हे तुमचं. याच्या बाहेरचं आज काही बघायचं नाही. दहा मिनिटं बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही." पहिली तीन-चार मिनिटं चुळबुळ होते. "बाई, आमच्या रिंगणात काहीच नाही, जागा बदलू का?" हे हमखास येतं. तिथे आपण विरघळायचं नाही. "नाही, हेच रिंगण" म्हणायचं आणि आपणही एक रिंगण घेऊन जमिनीवर बसायचं. हे फार महत्त्वाचं. बाई उभ्या राहून लक्ष ठेवत असतील तर मुलं बाईंकडे बघतात. बाई गुडघे टेकून मातीत बघायला लागल्या की पोरांना वाटतं, इथे खरंच काहीतरी आहे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला काहीतरी हलतंच. आपल्याला आधी दिसलाच नव्हता असा किडा चालायला लागतो, गवताचं दबलेलं पातं हळूच सरळ होतं, सावलीची कड सरकते.

मग गप्पा. इथे घाई करू नका, खरी कविता इथेच होते. मी चारच प्रश्न विचारायचे. काय करतंय? कशासारखं आहे? हात लावल्यावर कसं लागतं? आणि चौथा, माझा आवडता, त्याला काय हवं असेल? 'छान', 'सुंदर' आणि 'हिरवेगार' या तीन शब्दांना त्या दिवशी सुट्टी. मूल म्हणतं, "बाई, पान छान आहे." आपण विचारायचं, "छान म्हणजे? मला इथून दिसत नाही, सांग बघू." मग ते म्हणतं, "याला कडेने दात आहेत." बस, हीच ओळ! ती जशीच्या तशी घ्यायची.

जशीच्या तशी का म्हणते, तर माझ्या हातून एकदा फार वाईट झालंय. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "वारा झाडाला खाजवतो." मी कौतुकाने हसले आणि फळ्यावर लिहिताना 'वारा झाडाला गोंजारतो' असं लिहिलं. मला वाटलं, मी त्याची ओळ सजवली. तो काही बोलला नाही. पण त्या वर्षभरात त्याने मला पुन्हा एकही ओळ सांगितली नाही. बऱ्याच दिवसांनी त्याच झाडाखाली उभी होते, वारा सुटला होता, आणि दोन फांद्या एकमेकींवर घासत होत्या. करकर, करकर. तिथली साल घासून घासून गुळगुळीत झाली होती. त्याने हे बघितलं होतं! वारा खरंच खाजवत होता. मी त्याचं बघणं पुसून माझं पाठ केलेलं गोडगोड तिथे लिहिलं होतं. अजून ती आठवण आली की घशाशी येतं. तेव्हापासून पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवलं नाही, शुद्धलेखनासाठीसुद्धा नाही. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी बघायचं, पक्की प्रत करताना.

तुमच्या त्या मुलीबद्दल. तिच्या लेखनिक तुम्ही व्हा. तिच्याशेजारी बसा, तिने बोलायचं, तुम्ही लिहायचं. एकच पथ्य पाळा, ती श्वास घ्यायला थांबली की तिथे ओळ तोडा. लिहून झालं की तिलाच वाचून दाखवा आणि विचारा, "असंच म्हणालीस ना?" आपलं बोलणं कागदावर तसंच्या तसं उभं आहे हे तिला दिसलं, की खाली नाव घालायला ती पेन्सिल मागेल. माझ्याकडच्या दोन-तीन मुलांची सुरुवात अशी नावापासूनच झाली.


अक्षरगणित

पाटीपेन्सिल ताईंचं बहुतेक सगळं पटलं. यमकाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि आजकाल 'मुलांना यमकात अडकवू नका' असं सरसकट सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. लहान मुलांना ताल हवा असतो. ती उड्या मारताना, दोरीवर खेळताना, रांगेत चालताना आपोआप काहीतरी म्हणत असतात. तो ताल त्यांच्या हातून काढून का घ्यायचा? बिघडतं कधी, तर यमक आधी येतं आणि बघणं मागून फरफटत येतं तेव्हा. 'छान'ला 'गान' जुळलं की पक्षी गात असो नसो, त्याला गावंच लागतं.

मी चौथीला अष्टाक्षरी देतो. एका ओळीत आठ अक्षरं, बोटांवर मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. अनुस्वार, काना, मात्रा वेगळे मोजायचे नाहीत. मुलांना हे गणित दोन मिनिटांत समजतं आणि मग ती वेड्यासारखी मोजत सुटतात. यमक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला.

एका गटाने मुंगी बघितली होती. त्यांची पहिली ओळ आली, 'मुंगी चालते एकटी'. मोजली, आठ. दुसरी आली, 'डोक्यावर तिच्या दाणा'. आठ. सगळे खूश. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पण सर, दाणा डोक्यावर नाहीये. तिने तोंडात धरलाय." सगळा गट परत जाऊन जमिनीवर पालथा पडला. खरंच जबड्यात धरलेला होता. आता ओळ बदलायची तर अक्षरं आठच हवीत. थोडी झटापट झाली आणि 'तोंडामध्ये तिच्या दाणा' आलं. बोटं पुन्हा मोजली गेली, आठ! तिसरी ओळ त्या रांगेकडे बघून आली. मुंग्या एकामागून एक त्याच वाटेने कशा येतात असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्या वाटेवर वास सोडत जातात एवढंच मी सांगितलं होतं. शेवटची ओळ कुणाची ते मलाही कळलं नाही, तिघे एकदम ओरडले.

मुंगी चालते एकटी
तोंडामध्ये तिच्या दाणा
वाट तिची वासावर
सहा पाय, ना वहाणा

आठ अक्षरांच्या बंधनामुळे ती परत मुंगीकडे गेली. नुसतं 'मुक्त लिहा' म्हटलं असतं तर दाणा डोक्यावरच राहिला असता. म्हणून माझं म्हणणं, बंधन द्या, फक्त बघून झाल्यावर द्या.


पाटीपेन्सिल

अक्षरगणित सर, 'तोंडामध्ये तिच्या दाणा' वाचून फार आनंद झाला. 'बघून झाल्यावर' हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझा एक अनुभव मात्र जोडते. तिसरीपर्यंत अक्षरं मोजायला लावली की मागे पडणारी मुलं पुन्हा मागेच पडतात, कारण आधीच त्यांचं सगळं बळ अक्षर काढण्यात जातं. त्यांना मोजणं गटात द्यावं, एकट्याला नको.

आणि हायकूचा विषय कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहिते. तीन ओळींचा हा जपानी प्रकार मराठीत रुजला तो शिरीष पै यांच्यामुळे. बाहेर बसून लिहायला तो फार चांगला, कारण त्यात एकच क्षण पकडायचा असतो आणि ऋतूची खूण देणारा एखादा शब्द असतो. पण पाच-सात-पाच मोजायचा हट्ट मुलांपाशी धरू नका. जपानीत जे १७ मोजतात ते म्हणजे आपलं अक्षर नव्हे. तिथे दीर्घ स्वराचे दोन धरतात, आपण एकच धरतो. मी मुलांना म्हणायचे, तीन ओळी, आणि तिसऱ्या ओळीत काहीतरी बदललं पाहिजे. पाखरू उडालं, थेंब पडला, ऊन गेलं, काहीही. एवढं पुरतं.


तिसरीच्या_बाई

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! 'वारा झाडाला खाजवतो' वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. माझ्याही लाल पेनाने काय काय पुसलं असेल.

दोन शंका आहेत. माझा तास ४० मिनिटांचा. रिंगण, गप्पा, लिहिणं, वाचून दाखवणं एवढं त्यात कसं बसवायचं? आणि मुलं मध्येच प्रश्न विचारतात. "मातीला वास का येतो?", "पानाला दात कशाला?" तेव्हाच्या तेव्हा उत्तर द्यायचं की थांबवायचं? उत्तर द्यायला लागले की कवितेचा तास विज्ञानाचा होऊन जातो, आणि उत्तर नाही दिलं तर मुलांचा हिरमोड होतो.


पाटीपेन्सिल

तास बसतो, पण ने-आण त्यातून वगळायची. मधल्या सुट्टीनंतरचा तास घ्या आणि सुट्टी संपताना मुलांना थेट झाडाखालीच जमायला सांगा. मग दहा मिनिटं बघणं, दहा-बारा गप्पा, दहा लिहिणं, उरलेल्यात वाचन. सगळ्यांनी वाचायलाच हवं असं नाही. पाच जणांनी वाचलं तरी चालतं, बाकीच्यांचं दुसऱ्या दिवशी. वह्या नेऊ नका. पाठकोरे कागद, खाली पुठ्ठा, वर चिमटा. वही नेली की मुलं ती जपत बसतात, खाडाखोड करायला घाबरतात. आणि शिसपेन्सिलच बरी, कागद ओला झाला तरी उमटते. निघण्याआधी इतकंच बजावायचं की काही खुडायचं नाही, बिळात हात घालायचा नाही, दगड उचलला तर जसा होता तसा परत ठेवायचा, खाली त्याच्या कुणाचं तरी घर असतं.

प्रश्नांचं मी असं करायचे. प्रश्न आला की म्हणायचं, "वा! हा प्रश्न जसाच्या तसा लिही, तीच तुझी ओळ. उत्तर लिहून झाल्यावर देते." आणि द्यायचे, हं. शब्द मोडायचा नाही. प्रश्नाचं लगेच उत्तर दिलं की त्यातली हुरहुर संपते आणि मूल दुसरीकडे बघायला लागतं.

मातीच्या वासाचंच घ्या. आमच्या मैदानावर पहिली सर पडून गेली आणि सगळा वर्ग नाक वर करून उभा. एकाने विचारलं, वास का येतो. मी म्हटलं, आधी तू सांग, तुला काय वाटतं. तो म्हणाला, "थेंब पडला की माती फुंकर मारते." लिहून झाल्यावर मी त्यांना सांगितलं की मातीत बारीक जिवाणू असतात, त्यांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा तो वास आहे. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला पेट्रिकोर असं नावही दिलंय. पुढे काही वर्षांनी माझ्या वाचनात आलं की थेंब मातीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे इवलेसे बुडबुडे अडकतात आणि ते वर येऊन फुटताना वास हवेत उडवतात. म्हणजे माती खरोखर फुंकर मारते! तोपर्यंत तो मुलगा शाळा सोडून गेला होता. त्याला हे सांगायचं राहून गेलं याची मला खरंच खंत आहे.


कानोसा

मी दृष्टी कमी असलेल्या मुलांबरोबर काम करते, म्हणून थोडं वेगळं सांगावंसं वाटतं. वर सगळीकडे 'बघा, बघा' आहे. एखाद्या दिवशी डोळे मिटून बसवा.

आमच्याकडे प्रत्येकाला एक कागद देतो, मधोमध एक टिंब. टिंब म्हणजे मी. जिकडून आवाज येईल तिकडे एक खूण. ज्यांना कागद दिसत नाही ती मातीत खडे मांडतात, जवळच्या आवाजाचा खडा जवळ, लांबच्याचा लांब. पाच मिनिटांनी प्रत्येकाचा आवाजांचा नकाशा तयार होतो. मग त्या खुणांना शब्द शोधायचा. आपली भाषा इथे इतकी श्रीमंत आहे की मुलांना काही शिकवावं लागत नाही. सळसळ, खळखळ, भुरभुर, टपटप, किर्र, चुरचुर, कुजबुज, सगळं त्यांच्याजवळ असतंच. आपण फक्त विचारायचं, "सळसळ की कुरकुर?" माझ्या एका विद्यार्थ्याने हातात दोन पानं घेतली, एक ओलं, एक वाळकं, दोन्ही कानाशी नेऊन चुरगाळली आणि म्हणाला, "ओलं पान गप्प बसतं, वाळकं रडतं."

कधी हाताशी असलेला एकही शब्द पुरत नाही. कोरड्या पानांच्या ढिगात सरडा शिरला तेव्हाच्या आवाजाला एका मुलीने 'खर्रखुस' असा शब्द केला. आधी खर्र, मग तो थांबला, मग खुस. कुणीतरी म्हणालं, असा शब्दच नाही. ती म्हणाली, "आत्ता आहे." तो शब्द आमच्या वर्गात सगळे वापरतात. मुलांनी केलेले शब्द कृपया खोडू नका.


फरशीचं_आवार

मी अजून नवीन आहे, नोकरीचं हे दुसरंच वर्ष. धागा वाचून आनंदही झाला आणि वाईटही वाटलं, कारण आमच्या शाळेला मैदानच नाही. फरशी घातलेलं आवार आणि चारी बाजूंनी भिंती. एकही झाड नाही. मुलांना लांब न्यायची परवानगी मिळत नाही. आम्ही काय करायचं?


पाटीपेन्सिल

अहो, आभाळ आहे ना! आणि फरशी आहे म्हणजे सांधे असतील, सांध्यात माती असेल, मातीत काहीतरी उगवलं असेलच. ते शोधायला मुलांना सोडा. भिंतीच्या फटीतून आलेलं रोपटं झाडापेक्षा जास्त बोलतं, कारण ते तिथे कसं पोचलं हा प्रश्न प्रत्येक मुलाला पडतो.

दुसरं म्हणजे सावली. खडूने प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची सावली फरशीवर आखायची, पायांच्या खुणा करून ठेवायच्या. अर्ध्या तासाने त्याच खुणांवर परत उभं राहायचं. सावली आखलेल्या रेषेत बसत नाही! मुलं अक्षरशः किंचाळतात. पृथ्वी तासाला १५ अंश वळते हे पुस्तकात असतं, पण आपलीच सावली आपल्या रेषेतून सटकलेली बघितली की ते अंगावर येतं. माझ्या चौथीतल्या एकाने लिहिलं होतं, 'मी हललो नाही, तरी माझी सावली घरी निघाली.' तिथे एकही झाड नव्हतं.

परवानगीसाठी भांडू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. आवारातच करा, मुलांचं लिहिलेलं भित्तिपत्रकावर लावा. वरिष्ठांनी ते थांबून वाचलं की पुढच्या वर्षीची परवानगी सोपी होते.


तिसरीच्या_बाई

मंडळी, काल तास घेतला. सुतळी, पाठकोरे कागद, पुठ्ठे, सगळं तसंच. तोंडातून 'निसर्ग' जाऊ दिला नाही, एकदा अगदी ओठावर आला होता.

पहिल्या चार मिनिटांत सहा जोड्यांनी जागा बदलून मागितली. मी "हेच रिंगण" म्हणून खाली बसले. माझ्या रिंगणात एक गोगलगाय निघाली, मला स्वतःला ती आठव्या मिनिटाला दिसली. तोवर मी तिला खडा समजत होते. हे मुलांना सांगितल्यावर सगळी आपापल्या रिंगणातले खडे तपासायला लागली आणि माझी गप्पांची दहा मिनिटं पंधरा झाली.

सगळ्यांचंच जमलं असं नाही. ११ कागदांवर अजून घोषणा आहेत. काहींनी अर्धी घोषणा आणि अर्धी मुंगी लिहिली आहे. एकाने फक्त 'गवत दबलं, गवत उठलं' लिहिलं आणि पुढे काही सुचेना म्हणून बसून राहिला. मी त्याला म्हटलं, पुढे नकोच आहे. तो इतका सुखावला! कानोसा ताई, 'खर्रखुस' मी वर्गात सांगितला. त्यावर आमच्याकडे मेणासारख्या गुळगुळीत पानावरून थेंब घरंगळतो त्याला 'निसरटप' झालंय.

आणि ती मुलगी. ती रिंगणात बसलीच नाही, खोडाला टेकून बसली आणि पाठ टोचते म्हणून मागे वळून बघायला लागली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने सालीवरून बोट फिरवलं, एका भेगेत नख घालून बघितलं, मग बोलायला लागली. मी श्वासाश्वासाला ओळ तोडत लिहीत गेले. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

झाडाच्या अंगाला भेगा
आजीच्या टाचेसारख्या
आजी चालून चालून भेगा
झाड तर चालत नाही
मग याला कशा

वाचून दाखवलं. "असंच म्हणालीस ना?" तिने मान हलवली. मग कागद माझ्या हातातून घेतला आणि खाली नाव घातलं. पाटीपेन्सिल ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच! नावातलं एक अक्षर उलटं आलंय, मी हात लावला नाही.

उत्तर द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून तास संपल्यावर तिला सांगितलं. झाड आतून जाड होत जातं, आणि बाहेरची साल मेलेली असते, तिला ताणता येत नाही, म्हणून ती फाटते. ती बराच वेळ खोडाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे झाडाला त्याचे कपडे लहान झाले." मी कागद पुढे केला तर म्हणाली, "हे मी लिहिते." मोजून सात मिनिटं लागली, घंटा होऊन गेली होती, आणि पाच शब्दांची ओळ तिने एकटीने लिहिली.

सोमवारी परत त्याच झाडाशी जायचंय. भेगा वाढल्या का ते बघायला मोजपट्टी आणू का, असं तिने विचारलंय. आण म्हटलं.